बांगडीचा सांधा

भगिनींनो, हातातली एखादी साधी काचेची बांगडी काढा आणि तिच्यावरून सावकाश नख फिरवा. एका जागी नख किंचित अडेल. तिथे बारीकसा उंचवटा असतो, कधी खळगी असते. तो बांगडीचा सांधा. बाजारात घेताना आपण रंग बघतो, माप बघतो, डझनाचा भाव करतो. सांध्याकडे कोणी बघत नाही. पण ती बांगडी बहुधा उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादची असते आणि तो सांधा बहुधा तिथल्या एखाद्या बाईने घरात बसून, ज्योतीवर हात भाजून घेत जोडलेला असतो.

या वेळी सहलीच्या निमित्ताने त्या गावाविषयी लिहीत आहे. आपल्या वस्त्यांतून दरवर्षी धम्मसहलीच्या बसेस उत्तरेकडे निघतात. आग्रा बहुतेकांच्या वाटेवर असते. ताजमहाल असतोच, शिवाय १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांनी तिथे केलेल्या भाषणाची आठवण जुन्या कार्यकर्त्यांना असते. तिथून पुढे फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या संकिसाला जायचे असते. आग्र्याहून शिकोहाबादमार्गे संकिसाकडे निघालेली बस ४०-४५ किलोमीटरवर फिरोजाबादेतून जाते. रेल्वेने येणाऱ्यांना टूंडला जंक्शन जवळ पडते. बहुतेक बसेस तिथे थांबत नाहीत. थांबल्या तरी अर्ध्या तासात बांगड्यांचे डबे घेऊन मंडळी परत गाडीत बसतात. माझे म्हणणे एवढेच, की अर्धा दिवस काढा. दुकान बघण्याआधी भट्टी बघा आणि भट्टी बघून झाल्यावर गल्ली बघा. क्रम हाच ठेवा.

वाळूची काच कशी होते

काच म्हणजे मुळात वाळू. पण नुसती वाळू वितळवायला साधारण १,७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेवढी आच परवडत नाही. म्हणून वाळूत सोडा मिसळतात. त्याने ती कमी उष्णतेवर वितळते. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्याने खराब होते, म्हणून चुनखडीही घालतात. जोडीला फुटकी काच टाकतात. ती लवकर वितळते आणि जळण वाचते. आपल्या घरातली फुटकी बाटली भंगारवाला नेतो. ती कुठे जाते असे मूल विचारील, तर तिला पुन्हा भट्टीत जाऊन दुसरा जन्म मिळू शकतो, हे सांगायला हरकत नाही.

रंगही भट्टीतच ठरतो. कोबाल्टने गडद निळा येतो, तांब्याने हिरवा आणि मोरपंखी, मँगनीजने जांभळा. वाळूत लोखंडाचा अंश असला तर काच आपोआप हिरवट होते. जुन्या बाटल्यांना ती हिरवट झाक असते ती यामुळेच. शाळेत रसायनशास्त्र रुक्ष वाटणाऱ्या मुलाला इथे एकदा उभे करावे.

भट्टीच्या आत उष्णता १,४०० अंशांच्या आसपास असते. ही भट्टी संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. आतली काच थिजली तर सगळे नुकसान. म्हणून ती रात्रंदिवस जळत राहते आणि माणसे पाळीने येतात. पूर्वी इथे कोळसा जळे. ताजमहालाच्या संगमरवराला धुराने इजा पोहोचते म्हणून खटला चालला आणि ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पट्ट्यातल्या उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा असा निकाल दिला. फिरोजाबादच्या भट्ट्याही वायूवर आल्या. ताजच्या दगडाची काळजी घेताना भट्टीसमोरच्या माणसाच्या छातीचेही थोडे भले झाले. मात्र दगडासाठी न्यायालयात जायला माणूस मिळाला, छातीसाठी मिळायला वेळ लागतो, एवढे ध्यानात ठेवावे.

फुंकणारा

फिरोजाबाद म्हणजे नुसत्या बांगड्या नव्हेत. झुंबरांच्या हंड्या, दिव्यांच्या शेड, फुलदाण्या, बाटल्या, मणी, काचेची हरणे-हत्ती असे पुष्कळ काही तिथे होते. यातल्या कितीतरी वस्तू अजूनही तोंडाने फुंकून केल्या जातात.

फुंकणाऱ्याच्या हातात माणसाच्या छातीएवढ्या उंचीची लोखंडी पोकळ नळी असते. तिचे टोक तो भट्टीच्या तोंडातून आत घालतो आणि गोल फिरवून मधासारखी काच त्यावर गुंडाळून घेतो. बाहेर काढली की ती नारिंगी दिसते. नळी हातात सतत फिरती ठेवावी लागते. क्षणभर थांबली तर काच एका बाजूला ओघळते. मग लोखंडी पाट्यावर ती लोळवून तिला आकार द्यायचा आणि नळीतून फुंकर मारायची. गालांत हवा भरून जोरात फुंकायचे असते असे आपल्याला वाटते. तसे नाही. फुंकर बेताची आणि मोजकी असते. जास्त झाली तर फुगा पातळ होऊन फुटतो, कमी झाली तर भिंत जाड राहते. त्याच्याकडे मोजपट्टी नसते. डोळ्याला दिसणारा रंग आणि हाताला जाणवणारे वजन यांवर सगळा हिशेब.

काही वस्तूंसाठी दोन फाळ्यांचा साचा असतो. त्यात फुगा धरून फुंकले की आकार बसतो. मोकळ्या हाताने केलेली वस्तू मात्र दुसऱ्या लोखंडी कांबीवर बुडाकडून चिकटवून घेतात, मग नळीकडची बाजू तोडून तिचे तोंड रुंदावतात. एक माणूस फुंकतो, दुसरा कांब धरतो, तिसरा तयार वस्तू उचलून नेतो. बोलणे फार होत नाही. कोणाचे पाऊल कुठे पडणार हे सगळ्यांना पाठ असते.

वस्तू झाली म्हणजे काम संपत नाही. ती लगेच उघड्यावर ठेवली तर वरचा थर आधी थंड होतो, आतला गरम राहतो, आणि काही वेळाने ती आपसूक तडकते. म्हणून तिला वेगळ्या गरम कोठीत ठेवून तासन्‌तास हळूहळू निववावे लागते.

तोंडाने फुंकून काच करण्याची ही युक्ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाईनच्या किनाऱ्याकडे निघाली. दोन हजार वर्षे झाली, पण नळी तीच आहे. आपल्या महाराष्ट्रातही या कलेचे कारखाने होऊन गेले. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८ सालचा. कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा कारखाना १९१६ साली निघाला. त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाच्या उजेडात आपल्या समाजातल्या कितीतरी मुलांनी अक्षरे गिरवली असतील. ती काच कोणीतरी भट्टीपुढे उभे राहून केली होती. वाचणाऱ्याला तिचा उजेड मिळाला आणि करणाऱ्याला मिळाली तिची आच.

बेलन आणि तोडा

बांगडी फुंकून होत नाही, ती ओढून होते. लोखंडी कांबीवर काचेचा गोळा घेतात, त्यावर दुसऱ्या रंगाची काच चढवतात आणि गोळा ठोकून-घासून नीट करतात. मग तो दुसऱ्या लहान भट्टीकडे जातो. तिथे आचेपुढे एक लांब दांडा फिरत असतो, त्याला बेलन म्हणतात. गोळ्यातून काचेची तार ओढून तिचे टोक बेलनला लावले की ती भराभर गुंडाळत जाते, स्प्रिंगसारखी. तार जाड-बारीक होऊ न देणे हे ओढणाऱ्याचे कसब. बांगडीचे माप बेलनच्या जाडीवर ठरते.

ती स्प्रिंग बेलनवरून काढतात आणि हिरकणीसारख्या कठीण टोकाने तिच्यावर उभा चरा मारतात. स्प्रिंग सुटी होते आणि एकेक वळसा वेगळा पडतो. ही झाली बांगडी, पण तोंड उघडी. दोन टोके जुळलेली नसतात, एक वर तर एक खाली. अशा बांगड्या दोरीत ओवून त्यांचे जुडगे बांधतात. त्याला तोडा म्हणतात. पुढची सगळी मजुरी तोड्यावर मोजली जाते. इथे कारखान्याचे काम संपते. तोडे ठेल्यावर चढतात आणि ठेला गल्ल्यांत शिरतो.

आपली सहलीची माणसे नेमकी इथून परत फिरतात. भट्टी लाल दिसते, फोटो छान येतो. गल्लीत फोटोसारखे काही नसते.

गल्लीतली जुडाई

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतली मंडळी गेली होती, तेव्हा कारखान्यातल्याच एका कामगाराने ओळखीच्या घरी नेले. खोली लहान, दार बंद, पंखा बंद. पंखा का बंद, असे आमच्या आक्कांनी विचारले. घरातल्या बाई हसल्या आणि समोरच्या ज्योतीकडे बोट दाखवले. वाऱ्याने ज्योत हलते आणि सांधा वाकडा बसतो. उन्हाळ्यात काय करता, असे विचारल्यावर त्यांनी फक्त पदराने मान पुसून दाखवली.

या घरांत दोन कामे चालतात. पहिले सधाई, म्हणजे वर-खाली झालेली दोन टोके आचेवर ऊब देऊन एका रेषेत आणणे. दुसरे जुडाई, म्हणजे टोके लाल होईपर्यंत तापवून एकमेकांना चिकटवणे. एका हातात बांगडी, दुसऱ्या हातात लोखंडी चिमटा. ज्योतीत टोके धरली, दाबली, झाली, खाली टाकली, दुसरी उचलली. बघताना वाटते किती सोपे.

बाईंनी आमच्या आक्कांना चौरंगासमोर बसवले. आक्का तीस वर्षे स्टोव्हवर भाकरी करणाऱ्या, आगीला भिणाऱ्या नव्हेत. पहिली बांगडी त्यांच्या हातात तडकली. दुसरीची टोके वितळून थेंब झाला. तिसरी जुळली पण वेडीवाकडी. चौथी कशीबशी बसली. तेवढ्यात बाईंची सून शेजारी बसून एका लयीत बांगड्या टाकत होती, बघता बघता ढीग झाला. आक्का उठल्या आणि डोळे चोळत म्हणाल्या, आता दुकानात माझ्याकडून भाव करणे होणार नाही.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते ते ज्योतीमुळे. दिवसाचे आठ-दहा तास त्या उजेडाकडे टक लावून बसणाऱ्यांच्या डोळ्यांचे काय होत असेल ते सांगायला डॉक्टर नको. बोटांच्या टोकांची कातडी घट्ट झालेली असते. पाठ वाकते. काचेची भुकटी आणि जळणाचा धूर कोंडलेल्या खोलीतच राहतो.

आणि मजुरी तोड्याच्या हिशेबाने. तास मोजले जात नाहीत. बांगडी तडकली तर तोटा बहुधा जोडणाऱ्याचा. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातल्या कामगाराचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण कारखान्याचा नियम कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. काम घरात शिरले की घड्याळ बाहेर राहते. घरी बसून करते ते काम नव्हे, फावल्या वेळचा उद्योग, असे मालक म्हणतो, दलाल म्हणतो आणि पुष्कळदा नवराही म्हणतो. आपल्या घरांतही विड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, काजबटणे करणाऱ्या, राख्या चिकटवणाऱ्या भगिनी आहेत. त्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

सांधा झाल्यावरही बांगडी अजून चार-पाच दारे फिरते. कोणी तडकलेल्या वेगळ्या काढतो, कोणी चाकावर धरून नक्षी कापतो, कोणी सोनेरी रेघ ओढतो, मग ती पुन्हा एका भट्टीत भाजली जाते. तेव्हा कुठे ती खोक्यात बसून आपल्या कासाराच्या दुकानापर्यंत येते.

मुलांचे हात

फिरोजाबादचे नाव बराच काळ आणखी एका गोष्टीसाठी घेतले जाई, ती म्हणजे बालमजुरी. सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात अनीस जंग यांचा जो धडा आला, त्यात याच गावातल्या बांगडी कामगारांच्या मुलाची कथा आहे. १९८६ साली बालमजुरीविरुद्ध कायदा आला. २०१६ साली त्यात दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवण्यास बंदी झाली आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर घेण्यास बंदी झाली.

कायदा चांगला आहे. पण त्यात एक फट ठेवली आहे. शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मूल घरच्या धंद्यात मदत करू शकते, धंदा धोक्याचा नसला म्हणजे झाले. वाचायला हे निरुपद्रवी वाटते. पण घरच्या धंद्यात मदत या तीन शब्दांचा अर्थ आपल्याइतका कोणाला कळावा? बापाचे काम मुलाच्या गळ्यात पडते ते असेच, मदत म्हणून. प्रथम मदत, मग सवय, मग शाळेला रामराम, आणि शेवटी लोक म्हणतात, यांचा हा पिढीजात धंदाच आहे. फिरोजाबादेत शीशगर समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या काचेत आहेत. इतर गरीब जातींची माणसेही आहेत. रुस्तम उस्ताद यांचे नाव तिथल्या काचेच्या इतिहासात आदराने घेतले जाते. कला पिढीजात असावी याला कोणाची हरकत नाही. दारिद्र्यही पिढीजात होते, तिथे हरकत आहे.

आम्ही ज्या घरी गेलो तिथे एक मुलगी कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. तिला ज्योतीपाशी बसवत नाहीत, असे आजीने आपणहून सांगितले. पाहुण्यांसमोर बोलायचे म्हणून बोलल्या असे म्हणता येईल. पण वहीची पाने भरलेली होती, ती आमच्यातल्या एका शिक्षकांनी पाहिली.

'बांगड्या भरल्या आहेत काय?'

आपल्या भाषेत भित्र्या माणसाला हे विचारतात. मोर्चात बोलतात, सभेत बोलतात, आपल्या सभांतही बोलतात. निषेध म्हणून अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतात. हे बोलणाऱ्याने एकदा फिरोजाबादच्या भट्टीपुढे पंधरा मिनिटे उभे राहावे, मग एखाद्या खोलीत पंखा बंद करून जुडाईला बसावे. बांगडी ज्या हातांतून जन्मते ते हात भित्रे नव्हेत. ज्या हातांत ती जाते, तेही धुणी-भांडी करून, ओझी वाहून घर चालवणारे असतात. तेव्हा ही म्हण आपल्या तोंडातून काढून टाकलेली बरी.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. नवरा वारला की बाईच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या. चाळीस हातांतून तयार झालेली वस्तू एका दगडाने फोडायची आणि दुःखात असलेल्या बाईच्या मनगटाला काचा लागल्या तरी चालेल, रीत पाळायची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ठराव करून ही रीत बंद केली. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, सगळे बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे सांगितले.

आपण म्हणू, आमच्यात हे कधीच सुटले. सगळ्या घरांत सुटले का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. अंत्ययात्रेच्या गर्दीत कोणीतरी म्हातारी पुढे होते आणि शिकलेली माणसे मान खाली घालून उभी राहतात, असे अजून घडते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना सांगितले होते, की कोपरापर्यंतच्या कथलाच्या-चांदीच्या पाटल्या आणि गळ्यातल्या गळसऱ्या ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाकून द्या. त्या बायांनी आपल्या हातांनी ते दागिने उतरवले. त्यांच्या हातातले काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले. आजही नियम तोच असावा. हौस असेल तर बाईने बांगडी भरावी, नसेल तर भरू नये. नवरा असो वा नसो, मनगट तिचे आहे.

जाणाऱ्यांसाठी

आता सहलीचे आयोजन करणाऱ्यांसाठी चार कामाच्या सूचना देते.

कारखान्यात आगाऊ विचारून जा. तीस-चाळीस माणसे एकदम घुसवू नका, दहा-दहाचे गट करा. कामाच्या वाटेत उभे राहू नका, तापलेली कांब घेऊन धावणाऱ्याला थांबता येत नाही.

सुती कपडे घाला. नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा शर्ट ठिणगीने अंगाला चिकटतो. पायात बंद चपला-बूट हवेत, कारण जमिनीवर सगळीकडे काच असते. केस आणि पदर बांधून घ्या. लहान मुलांचा हात सोडू नका. भट्टीच्या तोंडाकडे टक लावून पाहू देऊ नका.

कुठल्याही काचेला विचारल्याशिवाय हात लावू नका. लाल असते तेव्हा ती गरम आहे हे कळते. पण लाली गेल्यावरही ती हात भाजण्याइतकी गरम असते, आणि दिसते मात्र अगदी थंड काचेसारखी. नवख्याचा हात इथेच भाजतो.

फोटो काढण्याआधी विचारा. घरात गेलात तर नक्कीच विचारा. बाईचा वेळ घेतलात तर तेवढ्या तोड्यांची मजुरी बुडते, हे लक्षात ठेवून तिच्या हातात काही ठेवा. दान म्हणून नव्हे, शिकवणीची फी म्हणून. मुलाने बांगडी बिघडवली तर तिचेही पैसे द्या.

खरेदीसाठी सदर बाजार आणि बोहरान गली आहे. बांगडी घेताना सांधा बघा. तो सपाट आणि घट्ट असावा, बोचू नये. बोचरा सांधा मनगटाला लागतो आणि बांगडी तिथेच फुटते. एकेक बांगडी उजेडात धरून तडा बघा. फुंकलेली फुलदाणी किंवा हंडी घेताना आत बारीक बुडबुडा दिसला तर तक्रार करू नका, हातच्या कामात तो येतो. बुडाला कांबीची खूण असली तर वस्तू मोकळ्या हाताने केलेली आहे असे समजा. दोन बाजूंना सरळ उभी रेघ दिसली तर ती साच्यातली आहे. दोन्ही चांगल्या, पण दोन्हींचा भाव एक नसावा.

घरी आणताना बांगड्या उभ्या रचून डब्यात घट्ट बसवा, मोकळ्या राहिल्या तर एकमेकींवर आपटून फुटतात. फुंकलेली वस्तू आतून-बाहेरून वर्तमानपत्रात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा.

आणि भाव करण्याविषयी. आपणही पोटाला चिमटा काढून सहलीला जाणारी माणसे आहोत. दुकानदाराशी घासाघीस करू नका असे मी सांगणार नाही. तो त्याचा नफा धरूनच भाव सांगतो. पण थेट कारागिराकडून, त्याच्या दारात बसून वस्तू घेत असाल, तर सांगेल तो भाव द्या. दहा रुपयांसाठी त्याला खाली ओढून आपण काही मोठे वाचवत नाही. आपल्या घामाचे दाम कमी केले की आपल्याला कसे वाटते, ते आठवा म्हणजे झाले.

गल्लीतल्या बाईंनी निघताना आमच्या सोबतच्या मुलींना एकेक बांगडी दिली. पैसे घेतले नाहीत. आक्कांनी त्यांना एकच गोष्ट विचारली, सरकारच्या ई-श्रम यादीत नाव आहे का? २०२१ साली असंघटित कामगारांसाठी ही नोंदणी सुरू झाली, घरी बसून काम करणाऱ्या बायांनाही त्यात नाव घालता येते. सुनेला माहीत नव्हते. आमच्यातल्या शिक्षकांनी कागद घेऊन कोणती माहिती लागते ते हिंदीत लिहून दिले. तुमच्या गल्लीत घरकाम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, शिवण करणाऱ्या भगिनींची नावे त्या यादीत आहेत का, तेही या आठवड्यात विचारून घ्या. त्यासाठी फिरोजाबादला जाण्याची गरज नाही.

जयभीम!